पाहुणी म्हणून गेले, धावून आले

सांगलीच्या माणसाला वऱ्हाड माहीत असतं ते उन्हाळ्यातल्या बातम्यांमुळे. आज सगळ्यात जास्त ऊन अकोल्यात, उद्या अमरावतीत, असं टीव्हीवर सांगतात आणि आपण पंख्याखाली बसून "बिचारे" म्हणतो. म्हणून जानेवारीत तिकडे निघताना मी स्वेटर घेतला नाही. सकाळी अकोल्याच्या फलाटावर उतरले आणि दात वाजायला लागले. मला न्यायला आलेल्या दिलीपभाऊंनी डोक्यावरची कानटोपी काढली आणि माझ्या हातात दिली.

मी ट्रायथलॉन खेळते. आधी पोहायचं, मग ओल्या अंगानेच सायकलवर बसायचं, आणि सायकल टाकून धावत सुटायचं. मध्ये घड्याळ थांबत नाही. अकरा वर्षं मी हेच करतेय. राष्ट्रीय स्पर्धेत दोनदा तिसरी आले, देशाचा पोशाख घालून परदेशात चार शर्यती केल्या. त्यातली शेवटची, गेल्या ऑक्टोबरमधली, मी पूर्ण केली नाही. तीन किलोमीटर उरले होते. मी रस्त्याच्या कडेला गेले आणि खाली बसले. पाय मोडला नव्हता, चक्कर आली नव्हती. घरी सांगितलं, पोटात कळ आली. त्यानंतर तीन महिने मी पाण्यात उतरले नव्हते.

दिलीपभाऊंचं अमरावतीत सायकलींचं दुकान आहे. पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, सतत घाईत असलेला माणूस. गेली काही वर्षं ते लहान मुलांची ट्रायथलॉन भरवतात. फोनवर मला म्हणाले होते, "लेकरं टीव्हीवर क्रिकेटवालेच पायतात मॅडम. एखादा खेळाडू त्याइच्यासमोर खराखुरा येऊन उभा राहिला पायजे. तुमाले फक्त झेंडा दाखवायचा, दोन शब्द बोलायचे." मी नाही म्हणणार होते. आई म्हणाली, "जा. छताकडे बघत पडण्यापेक्षा बरं."

अकोला, शुक्रवार

शाळेच्या फाटकावर माझा फोटो लावला होता, माझ्याहून उंच. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'आंतरराष्ट्रीय सुवर्णपदक विजेत्या'. मी होते तिथेच थांबले.

"दिलीपभाऊ, हे चुकलंय. मला सुवर्णपदक नाही मिळालेलं. मी तिसरी आलेय, तेही राष्ट्रीयला."

"तिसरा नंबर कसा लिहाव जी बॅनरवर?" ते कळवळून म्हणाले. "लेकराइले काई मोठं दिसलं पायजे. आन तुमी काय कमी हाय का?"

त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. मुलांसमोर ठेवायला त्यांच्याकडे काहीतरी चकचकीत हवं होतं, एवढंच. तेव्हाच ठाम राहायला हवं होतं. पण आत मुलं सतरंजीवर बसून वाट बघत होती, मुख्याध्यापिका गुच्छ घेऊन उभ्या होत्या, आणि मी आत गेले.

मुलांचे प्रश्न मात्र फार चांगले होते. "पोहता पोहता शिंक आली तं काय करता?" "सायकलमांगं कधी कुत्रं लागलं का?" "तुमाले याचा पगार भेटते का?" शिंकेचं उत्तर मला खरंच विचार करून द्यावं लागलं. मग पहिल्या रांगेतला एक जाड चष्म्याचा मुलगा उठला. "मॅडम, गोल्ड मेडल दाखवा न."

"घरी विसरले," मी म्हणाले.

सगळं सभागृह "अरेरे" म्हणालं. खोटं इतक्या सहज माझ्या तोंडून गेलं की माझं मलाच कळलं नाही. नंतर चहा हातातच गार झाला. थंडीमुळे, असं मी मुख्याध्यापिकांना सांगितलं. म्हणजे एका सकाळी दोनदा खोटं.

दुपारचं जेवण बाळापूरला, दिलीपभाऊंच्या बहिणीकडे होतं. गाव लागायच्या आधीच किल्ला दिसतो. दोन नद्यांच्या मध्ये, खालच्या खडकावर धुणं वाळत घातलेलं, आणि वर त्या धुण्याला राखण बसल्यासारखा तो उंच तट. आत जायला वेळ नव्हता. बहिणीने ज्वारीची भाकरी, चुनाची भाजी आणि फल्लीदाण्याची चटणी केली होती. चून म्हणजे बेसन आणि फल्लीदाणे म्हणजे शेंगदाणे, हे पहिल्या घासाला कळलं. मग तिने विचारलं, "वरतून सांभार टाकू का?"

"भाकरीबरोबर सांबार?" मी म्हणाले. "नको, नुसतीच छान लागतेय."

घरातली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. बहिणीने हातातली कोथिंबिरीची वाटी माझ्यापुढे धरली. "याले तुमच्या इकडे काय म्हनतात मंग?" त्यानंतर जो हशा पिकला तो मी गाडीत बसेपर्यंत चालू होता. निघताना तिने खणानारळाने माझी ओटी भरली आणि शेजारणींना सांगितलं, "गोल्ड मेडलवाली हाय." त्या बायका कौतुकाने माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. एवढ्या चांगल्या माणसांपुढे मला इतकं अवघडल्यासारखं कधी झालं नव्हतं.

चांदूर रेल्वे, शनिवार

अमरावतीत माझा मुक्काम वानखडे मॅडमकडे होता. संगीता वानखडे चांदूर रेल्वेच्या एका शाळेत खेळ शिकवतात, रोज अमरावतीहून ये-जा करतात. एके काळी कबड्डी खेळायच्या. अजूनही दारातून आत येताना आधी एक खांदा येतो. त्यांनी मला पहिल्याच संध्याकाळी सांगितलं, "हे पाहा, मी तुमाले मॅडम म्हननार नाई. माह्यापेक्षा लहान हाय तुमी." मग त्या मला नावाने, 'अनघा' म्हणून हाक मारू लागल्या आणि मला बरं वाटलं.

शनिवारी सकाळची शाळा. आम्ही बसने गेलो. आमच्या कृष्णाकाठी दोन्ही बाजूंना ऊस उभा असतो, दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. इथे मात्र नजर जाईल तिथपर्यंत जमीन उघडी. वेचून उरलेला कापूस, वाळत आलेली तूर, मध्येच संत्र्यांचा हिरवा पट्टा. एवढ्या मोकळ्यावर माणसाला खोटं बोलायला आडोसाच नाही, असं काहीतरी माझ्या मनात आलं. आदल्या दिवशीचं ते खोटं अजून सलत होतं.

मॅडमच्या चार मुली रविवारच्या शर्यतीत उतरणार होत्या. चौघी मैदानावर ऊन खात रांगेत बसल्या होत्या. त्यांतली समीक्षा तेरा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, बोलताना भुवया जवळ आणणारी. तिचे बाबा रेल्वेत गँगमन आहेत. त्यांनी तिला शेतातल्या विहिरीत पोहायला शिकवलं, पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधून. "पयल्या दिवशी डबा वर आन मी खाली," असं तिने सांगितलं. आता मॅडम रविवारी चौघींना अमरावतीच्या जलतरण तलावावर नेतात. सायकली दिलीपभाऊंच्या दुकानातल्या. धावायला रुळांच्या बाजूची मातीची वाट.

मी त्यांना धावताना हात कसे ठेवायचे ते दाखवलं. सायकलवरून उतरल्यावर पाय लाकडासारखे होतात, तेव्हा पहिली शंभर पावलं लहान टाकायची, हे सांगितलं. चौघींनी लगेच करून पाहिलं. मग पाणी प्यायला सावलीत बसलो आणि समीक्षाने विचारलं, "मॅडम, गोल्ड भेटलं तवा कसं वाटलं?"

वानखडे मॅडम शेजारीच बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"मला गोल्ड मिळालेलं नाही," मी म्हणाले. "बॅनरवर चुकीचं लिहिलंय आणि काल मी ते खोडून काढलं नाही. मी दोनदा तिसरी आले. आणि शेवटची शर्यत तर मी पूर्णच केली नाही. मध्येच बसले."

"पायात काटा रुतला का?" दुसरीने विचारलं.

"नाही."

"मंग कावून बसल्या?"

आईला, प्रशिक्षकांना, कुणालाच मी हे सांगितलं नव्हतं. भुवया जवळ आणून बसलेल्या त्या मुलीला सांगितलं. "माझ्या मागे कुणीच उरलं नव्हतं. मी शेवटून पहिली येणार होते. सगळे बघणार होते. त्याची भीती वाटली."

समीक्षाने विचारलं, "शेवटी आल्या असत्या तं काय झालं असतं?"

तिसरी मुलगी, जी तोवर बोललीच नव्हती, म्हणाली, "पानी तं तवाबी भेटलंच असतं न." आणि चौघी हसत सुटल्या. मीही हसले. मग डोळ्यांत पाणी आलं ते लपवायला बाटली तोंडाला लावली.

परतीच्या बसमध्ये वानखडे मॅडम खिडकीकडे तोंड करून बसल्या. मला वाटलं रागावल्या. मुलींपुढे ठेवलेला पाहुणा असा निघाला म्हणजे रागावणारच. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्याच म्हणाल्या, "दर साली एक जन येते, मेहनत करा म्हनून सांगते, फोटो काढते, जाते. पोरी टाळ्या वाजवतात. आज टाळी कोनी वाजवली नाई, पाहिलं तुमी?"

"हो."

"ऐकून राहिल्या होत्या न!" एवढं बोलून त्यांनी पिशवीतून तुरीच्या शेंगा काढल्या आणि अर्ध्या माझ्या ओंजळीत ओतल्या.

बसस्थानकावरून मी दिलीपभाऊंना फोन केला. मी म्हणाले, बॅनर बदला, नाहीतर उद्या मी येणार नाही. पलीकडून हळू आवाजात, "नाराज झाल्या का तुमी?"

"तुमच्यावर नाही, दिलीपभाऊ. तुम्ही मला मोठेपण दिलंत. मलाच ते झेपत नाहीये."

"बरं," ते म्हणाले, "पायतो मी." आणि फोन ठेवला.

अमरावती, रविवार

तलावावर पोचलो तेव्हा पाण्यावरून वाफ निघत होती. निळ्या-पिवळ्या टोप्या घातलेली मुलं काठावर कुडकुडत उड्या मारत होती. आईबाप स्वेटर आणि टॉवेल घेऊन त्यांच्या मागे. फाटकावर माझा तोच फोटो होता, पण त्याखालच्या लाल अक्षरांवर पांढरा कागद चिकटवला होता. त्यावर दिलीपभाऊंच्या हातचं मोठं, किंचित तिरकं अक्षर: 'राष्ट्रीय स्पर्धेत दोनदा तिसऱ्या'. भाऊ शिडी खांद्यावर घेऊन समोरून गेले. माझ्याकडे पाहून फक्त मान हलवली. त्यांच्या अंगठ्याला अजून खळ लागलेली होती.

माईकवर मी दोनच मिनिटं बोलले. अकोल्याच्या शाळेतली काही मुलंही आली होती. त्यांच्याकडे बघून सांगितलं की परवा मी तुमच्याशी खोटं बोलले. सोन्याचं पदक घरी विसरलेलं नाही, ते नाहीच. जाड चष्म्याचा तो मुलगा खालून ओरडला, "मंग कांस्याचं तं हाय न?"

"दोन आहेत."

"मंग चालते!" तो म्हणाला. आईबापांत खसखस पिकली आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

मी झेंडा उचलायला निघाले तेवढ्यात वानखडे मॅडमनी माझं कोपर धरलं. "चाला माह्यासोबत. समीक्षा बाहेर येऊन नाई राहिली."

कपडे बदलायच्या खोलीत ती कोपऱ्यातल्या बाकावर बसली होती. पोशाखावर शाळेचा स्वेटर, गुडघे छातीशी घेतलेले. मॅडमनी दार लोटून घेतलं. समीक्षाने मान वर केली नाही.

"पाळी आली मले," ती म्हणाली. "आठ दिवस बाकी होते अजून. मी घरी जातो."

आमच्या सांगली-कोल्हापूरकडेही बायका 'मी जातो' म्हणतात. पुण्यात मी ते बोलले की मुली हसायच्या. तिच्या तोंडून ऐकलं आणि का कोण जाणे, मी तिच्या शेजारी फरशीवरच बसले.

"मी चौदा वर्षांची असताना जिल्ह्याच्या स्पर्धेला असंच झालं होतं," मी म्हणाले. "मी सरांना ताप आला सांगितलं आणि घरी गेले. सरांनी आईला सांगितलं, मुलगी नाजूक आहे, जमायचं नाही. ते वर्ष गेलं."

"मंग आता काय करू?"

"तुला काय करावंसं वाटतं?"

"मले पान्यात नाई उतरायचं आज," ती स्पष्ट म्हणाली. मग गुडघे सोडून, "पन सायकल चालवायची हाय. मी दोन सालापासून वाट पाहून राहिली."

पोटात दुखतंय का, विचारलं. थोडं, म्हणाली. मॅडमनी तोवर पिशवीतून लागेल ते काढून ठेवलं होतं. बारा वर्षं मुली घेऊन फिरणाऱ्या बाईच्या पिशवीत ते असतंच. "तू कपडे बदल," मी म्हणाले. "मी विचारून येते."

मुख्य पंच काळे सर होते. निवृत्त क्रीडाशिक्षक, गळ्यात शिट्टी, हातात पाटी, आणि नियमांच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाहीत अशी ख्याती. मी त्यांना बाजूला घेतलं आणि आडवळण न घेता सांगितलं. मुलीला पाळी आलीय, तिला पोहायचं नाही, पण शर्यत करायची आहे. पोहण्याऐवजी धावू द्याल का?

त्यांनी चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाने पुसला, परत घातला. "नियमात बसत नाई हे."

"मला माहीत आहे, सर."

"नंबर नाई भेटनार तिले."

"नको."

मग ते म्हणाले, "मले दोन पोरी हाय. शाळेत असताना त्या खेळाच्या तासाले काहून बसून राहत, हे मले लय उशिरा समजलं. शिक्षक मी, आन बाप मी." पाटीवर काहीतरी लिहिलं. "पयले एक किलोमीटर धाव, मंग सायकल, मंग बाकीच्याइसारखी दोन किलोमीटर धाव. वेळ मी लिहीन. पन माईकवर पोरीचं कारन कोनी बोलाचं नाई. दिलीपले सांगून ठेवा."

मी धावतच खोलीत गेले आणि सांगितलं. समीक्षाचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "म्हंजे बाकीच्या पान्यात आन मी एकटीच रस्त्यावर? सगळे इचारतीन."

ते खरं होतं. तलावाच्या भिंतीबाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. एकटी मुलगी धावत निघाली की शंभर प्रश्न. मी स्वतःकडे पाहिलं. सलवार कमीज, खांद्यावर सत्काराची शाल, पायात चपला.

"एकटी नाही," मी म्हणाले. "मी आहे. मॅडम, तुमचे बूट द्या."

वानखडे मॅडमचे कॅनव्हासचे बूट मला एक नंबर मोठे. पुढच्या टोकात मी दोन हातरुमाल कोंबले. शाल मॅडमच्या खांद्यावर टाकली, ओढणी कमरेला बांधली. झेंडा दिलीपभाऊंनीच दाखवला. तिकडे पाण्यात धपाधप उड्या पडल्या आणि इकडे आम्ही दोघी फाटकातून बाहेर पडलो.

लोकांनी पाहिलं. एका बाईने विचारलंही, "या कावून इकडून पळून राहिल्या?" तिच्या शेजारचा म्हणाला, "पाहुन्या हाय त्या. काई नवीन असन." बस, तेवढंच. कुणाला फारसं पडलेलं नव्हतं. समीक्षाने माझ्याकडे तिरकं पाहिलं आणि वेग वाढवला.

ती एक किलोमीटर धावून सायकलीपाशी आली तेव्हा तिच्या तिघी मैत्रिणी तलावातून ठिबकत बाहेर पडत होत्या. चौघी जवळजवळ बरोबरच सुटल्या. मी वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिले. तीन महिने काही केलं नव्हतं, ते फुप्फुसांनी एका किलोमीटरात सांगून टाकलं. माझं काम संपलं असं मी समजत होते. वीसेक मिनिटांनी समीक्षा परत आली. साखळीचं काळं गालाला लागलेलं, वेण्या सुटलेल्या. सायकल अडकवली आणि पहिली शंभर पावलं अगदी सांगितल्यासारखी लहान टाकली. माझ्यासमोरून जाताना म्हणाली, "या न मॅडम!"

गेले. पहिला किलोमीटर कसाबसा तिच्या बाजूने राहिले. मग कुशीत कळ यायला लागली, खरीखुरी. मोठा बूट टाचेला घासत होता. "तू जा," मी म्हणाले.

"तुमी?"

"येते मी मागून. जा!"

ती गेली. ओढणी सावरत मी तिच्या पाठीकडे बघत धावत राहिले. एकेक करून सगळी मुलं माझ्या पुढे निघून गेली. जाड चष्म्याचा तो मुलगाही गेला, जाता जाता म्हणाला, "या या, थोडंच राहिलं!" शेवटच्या वळणावर मी मागे पाहिलं. रस्ता रिकामा होता. पुढे दोरीपलीकडे सगळे उभे होते, आईबाप, मुलं, दिलीपभाऊ, शालीसकट वानखडे मॅडम. मी धावत राहिले. रेषेवर समीक्षा पाण्याचा पेला घेऊन उभी होती. मी तो एका दमात प्याले. त्या पाण्याइतकं गोड काही मी अकरा वर्षांत प्याले नाही.

काळे सर पाटीवर लिहीत होते. मी विचारलं, काय लिहिताय? "तुमची वेळ," ते मान वर न करता म्हणाले. "पाहुन्या असल्या म्हनून काय झालं? रेषा वलांडली का वेळ लिहा लागते." निकालाच्या कागदावर सगळ्यात खाली, क्रमांकाची जागा कोरी ठेवून, दोन नावं होती. तिचं वर, माझं खाली. समीक्षा त्या कागदासमोर बराच वेळ उभी राहिली. आपल्या वेळेवर तिने एकदा बोट ठेवून पाहिलं.

मग सगळ्यांनी मिळून गरमागरम गिला वडा खाल्ला. दह्यात बुडालेला, वर चिंचेचं पाणी. आमच्याकडच्या दहीवड्याची बहीणच, पण स्वभावाने तिखट. तिसरी प्लेट मी स्वतःहून मागितली.

बडनेरा, सोमवार

गाडी बडनेऱ्याहून होती. वानखडे मॅडम सोडायला आल्या, आणि त्यांच्याबरोबर एक सडपातळ बाई, हातात संत्र्यांची पिशवी. "जय भीम, ताई," त्या म्हणाल्या. "मी समीक्षाची आई." त्या नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत कपडे शिवायच्या कारखान्यात काम करतात. रविवारी कारखान्यात कामाची पाळी होती म्हणून शर्यतीला येता आलं नव्हतं. आज कामावर जायच्या आधी मुद्दाम आल्या होत्या.

"सगळं सांगितलं तिनं," त्या म्हणाल्या. "माह्या वक्ती आमाले चार दिवस शाळेत नाई पाठवत. चाराचे आठ झाले, मंग मी घरीच राहिली." हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. मग जरा जवळ येऊन म्हणाल्या, "ताई, एक इचारू? पोहाचा तुमचा तो ड्रेस हाय का सोबत? पोरी म्हनतात बाजारात भेटते तो तंग होते, आन मांड्या उघड्या पडतात. दोघीच्या घरी त्याच्यापायी भांडनं हाय. मले कापड पाहू द्या."

देशासाठी घालत होते तो काळा पोशाख बॅगेच्या तळाशी होता. कशासाठी घेतला होता, सांगता येणार नाही. मी काढून दिला. त्यांनी तो फलाटावरच्या बाकावर उलटा केला, दोन्ही हातांनी ताणून पाहिला, आणि शिवणीवरून अंगठा फिरवत गेल्या, जसा एखादा वैद्य नाडी बघतो.

"कापड झकास हाय," त्या म्हणाल्या. "शिवन कच्ची हाय पन. काखेत उसवून राहिली, पाहा. याच्यापरीस मी पक्की मारतो." मग संकोचून, "नमुन्याले ठेवू का?"

"ठेवा," मी म्हणाले. "परत नका पाठवू."

गाडी आली. वानखडे मॅडमनी मला कबड्डीतल्यासारखं घट्ट पकडलं आणि सोडलं. खिडकीतून पाहिलं तर समीक्षाची आई अजून त्या बाकापाशी उभी होती, पोशाख उजेडाकडे धरून.

घरी आल्यावर मी आईला आणि माझ्या प्रशिक्षक सरांना ऑक्टोबरचं खरं सांगितलं. सर म्हणाले, "मला माहीत होतं. तू कधी सांगतेस, बघत होतो." तीन आठवड्यांनी टपालाने एक पाकीट आलं. आत एक फोटो होता. विहिरीच्या काठावर चार मुली, गुडघ्यापर्यंतच्या काळ्या पोशाखात, चौघींच्या तोंडभर हसू. फोटोखाली घडी केलेला पाचवा पोशाख, माझ्या मापाचा. सोबत वहीच्या कागदावर दोन ओळी: 'नमुन्यावरून तुमचंही माप घेतलं. काखेत दुहेरी शिलाई मारली आहे.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो घालून तलावात उतरले. आता मार्च संपत आलाय, रोज उतरते. हे लिहीत असताना तो पोशाख मागच्या अंगणात दोरीवर वाळतोय. एक टाकासुद्धा सुटलेला नाही.